फकीरव्वाच्या धंद्याचं नाव

मुळगेरीच्या मंगळवारच्या बाजारात फकीरव्वाची स्वतःची अशी कांद्याची एक पातही विकायला नसे. टोपली नाही, तराजू नाही, खाली अंथरायला पोतंसुद्धा नाही. पण सकाळी आठच्या सुमाराला ती बाजाराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, पदर खोचून तिनं घसा खाकरला, की पेंगणारे दुकानदार सावरून बसत. बाजार सुरू झाला, असं आम्ही तेव्हाच धरत असू.

मी मूळचा मिरजेचा. बायकोच्या गावी येऊन राहिलो त्याला चौतीस वर्षं झाली. नगरपंचायतीच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतो. कानडी लिहायला इथंच शिकलो. गावात मला सगळे 'अर्जीअण्णा' म्हणतात. खरं नाव बायकोलाच काय ते आठवत असेल. बाजार माझ्या टेबलापासून पन्नास पावलांवर भरतो, त्यामुळे फकीरव्वाचा सगळा धंदा माझ्या कानांदेखत उभा राहिला म्हणायला हरकत नाही.

तिची आई पालेभाजी विकायची. शेपू, चुका, हरभऱ्याचा कोवळा पाला. फकीरव्वा सतराअठरा वर्षांची असेल, आईशेजारी बसून जुड्या बांधायची. त्यांच्या पलीकडे यमनप्पा नावाचा एक पोरगेला माणूस अल्युमिनियमची भांडी मांडून बसायचा. भांडी राखेनं घासून अशी लखलखीत केलेली, की उन्हात त्याच्याकडे बघवत नसे. पण यमनप्पाची जीभ अडखळायची. गिऱ्हाइकानं भाव विचारला की त्याचा पहिला शब्द ओठांवर येऊन अडकायचा, मान लाल व्हायची, आणि तो शब्द बाहेर पडेपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या दुकानात पोचलेलं असायचं.

एका मंगळवारी असंच झालं. एका बाईनं पातेलं उचललं, भाव विचारला, यमनप्पाचं "स... स..." सुरू झालं तशी ती हसून निघाली. फकीरव्वा जुडी टाकून उठली.

"अगं ए अक्का, थांब की! भाव सांगतोय ना तो, तुला काय गाडी गाठायचीय? बूड बघ त्या पातेल्याचं. एवढं जाड बूड दुसऱ्या कुणाकडं दाखव, मी माझी भाजी फुकट देते. वाजव, वाजवून बघ!"

बाईनं वाजवलं. तिच्या मागच्या दोघींनीही वाजवलं. अर्धा बाजार मागं वळून बघत होता, कारण फकीरव्वाचा आवाज तेव्हाही तसाच होता: किंचाळणं नव्हे, भरदार आणि लांब जाणारा, सगळ्या कालव्यातून वेगळा ऐकू येणारा. त्या दिवशी यमनप्पा रिकामी पोती घेऊन घरी गेला. पुढच्या मंगळवारी त्यानं मायलेकींना एक झाकणाचा डबा आणून दिला आणि एक शब्दही न बोलता आपल्या जागी जाऊन बसला. फकीरव्वाची आई म्हणाली, "पोरगं वाईट नाही. भांडायचं झालं तरी सगळं तूच बोलशील." पुढल्या उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं.

मग बाकीचे यायला लागले. "फकीरव्वा, यमनप्पासाठी ओरडतेस, माझ्यासाठी एक हाक दे की." कांदेवाला आला, दोरखंडवाला आला, मिरचीवाली हुलिगेव्वा आली. फकीरव्वा कुणाला नाही म्हणाली नाही, आणि दोनतीन वर्षांत ती सगळ्या बाजाराची होऊन बसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची आणि प्रत्येकाच्या मालाला वेगळी हाक द्यायची.

"दोडका कोवळा, नख लावून बघा, नाही रुतलं तर तिथंच ठेवा!"

"ही बघा ब्याडगी, रंगाची राणी! आमटी लालभडक, डोळ्यांत नाही पाणी!"

जो तो परवडेल ते देई. कुणी रुपये, कुणी वांगी, दोरखंडवाला वर्षाकाठी म्हशीचं एक दावं. तिच्या घरी म्हैस नव्हती, तरी ती घ्यायची. "माणूस देतोय ते त्याच्याकडचं चांगलं आहे म्हणून देतोय," म्हणायची.

नावं मात्र तिला बरीच मिळाली. कापडदुकानदार संगप्पा शेट्टर तिला बोंबलव्वा म्हणायचा. शाळेतली पोरं भोंगव्वा म्हणायची. सासू शेजारणींना सांगायची, "आमच्या सुनेचा धंदा काय विचारू नका बाई, बाजारात उभं राहून ओरडते." फकीरव्वा हसायची. "म्हणा भोंगा. भोंगा झाल्याशिवाय गिरणीत तरी कोण जातं?"

तिचा एकच नेम होता. हाक देण्याआधी माल हातात घ्यायची. काकडी चाखायची, दोर ओढून बघायची, टोमॅटो खालच्या थरातला काढून बघायची. एकदा गौरव्वाच्या वांग्यांना कीड निघाली तर सरळ म्हणाली, "आज तुझ्यासाठी तोंड उघडत नाही, अक्का. रागव हवं तर." गौरव्वा रागावली. महिनाभर बोलली नाही. पण त्यानंतर ती वांगी निवडून आणायला लागली.

आठेक वर्षांपूर्वी एक टेम्पो बाजारात आला. त्यावर मोठा कर्णा, आत खोक्यांचा ढीग, आणि पुढं गळ्यात टाय बांधलेला दिवाकर नावाचा मुलगा, हुबळीहून आलेला. त्याची कंपनी न चिकटणारे तवे विकत होती. सकाळभर कर्ण्यावर बोलून त्याचे दोन तवे गेले. दुपारी त्यानं फकीरव्वाची हाक ऐकली आणि तो तिच्यामागं चालतच सुटला.

"अक्का, तुम्ही आमच्यासाठी काम करा. दर मंगळवारी. ठरलेला पगार, वर साडी."

"काम काय? ओरडायचंच ना?"

"ओरडायचं नाही म्हणायचं, अक्का. आमच्यात तुम्ही प्रमोटर. मी एक्झिक्युटिव्ह. आणि माझ्यावर मॅनेजर."

"मग तवा विकतं कोण?"

दिवाकरनं डोकं खाजवलं. "तसं बघितलं तर... तुम्हीच."

त्यानं तिला नारिंगी कोट दिला. पाठीवर इंग्रजीत मोठी अक्षरं होती. यमनप्पानं तो कोट घरी खुंटीला लावला आणि येईल जाईल त्याला दाखवला. सासूनं पहिल्यांदाच शेजारणींना बोलावून सांगितलं, "सून कंपनीत आहे." मला वाटतं, त्या कोटामुळेच फकीरव्वा आपला नेम विसरली. तवा तिनं टेम्पोतल्या टेम्पोत बघितला. दिवाकरनं गॅसवर दोसा टाकून दाखवला, तो पाकळीसारखा सुटून आला. तिला तेवढं पुरलं. घरी नेऊन वापरला नाही.

तीन मंगळवार तिनं जीव तोडून हाका दिल्या. सगळ्या पेठेत न चिकटणारे तवे पोचले. माझ्याही घरी एक आला.

चौथ्या आठवड्यात तळ्याकाठची शिवगंगव्वा तिच्या दारात उभी राहिली. हातात तवा. तव्याची काळी पापुद्र्यासारखी सालं सुटलेली, मधे पांढरं अल्युमिनियम दिसत होतं.

"हे बघ तुझं न चिकटणारं. दोसा चिकटत नाही, खरं आहे. तवाच दोशाला चिकटून येतोय. नातू दाताखाली काय येतंय म्हणून रडतोय."

"अगं, आच जास्त झाली असेल..."

"रोट्टी भाजणारी चूल आहे, आच जास्तच असणार. तू सांगितलंस का, ह्याला मंद आच लागते? मी त्या टायवाल्याकडं बघून घेतला नाही, फकीरव्वा. तुझ्या तोंडाकडं बघून घेतला."

संध्याकाळपर्यंत आणखी सहाजणी आल्या. फकीरव्वा त्या रात्री जेवली नाही, असं यमनप्पानं मला नंतर सांगितलं. सांगायला त्याला बराच वेळ लागला, आणि मीही घाई केली नाही.

मंगळवारी ती कोट घालूनच बाजारात आली. दिवाकरनं हसून तिच्या हातात माइक दिला. ती टेम्पोच्या पायरीवर चढली.

"ऐका हो! मी फकीरव्वा, यमनप्पाची बायको. तीन मंगळवार ह्याच जागेवर उभी राहून मी ह्या तव्याला चांगलं म्हटलं. तवा चांगला नाही. आपल्या चुलीवर टिकत नाही, सालं निघतात आणि पोटात जातात. मी घरी वापरून बघितला नव्हता, तरी तुम्हाला घ्या म्हटलं. चूक माझी आहे."

दिवाकरनं धावत जाऊन माइकची वायर ओढली. त्याचा काही उपयोग नव्हता. तिला माइक कधीच लागत नसे.

"ज्यांनी घेतला त्यांनी तवा घेऊन या! साहेब इथंच बसलेत, कुठं जाणार नाहीत!"

"अक्का, तुम्ही आमच्या बाजूच्या!" दिवाकर रडकुंडीला आला होता. "माझी नोकरी जाईल हो."

"तुझ्याच बाजूनं बोलतेय, बाळा. आज मी सांगितलं म्हणून बाया तवे घेऊन येतील. पुढच्या वेळी दगड घेऊन आल्या असत्या."

तिनं कोट काढला, नीट घडी केली आणि त्याच्या हातात ठेवला. दुपारपर्यंत टेम्पोपाशी तव्यांची रास झाली. दिवाकरनं आधी फोनवर वरच्या साहेबांची बोलणी खाल्ली, मग मुकाट्यानं कुणाचा तवा कुठला ते वहीत लिहून घेतलं. दीड महिन्यानं तो स्वतः येऊन बदली लोखंडी तवे देऊन गेला. सगळ्यांना मिळाले नाहीत, पण बऱ्याचजणींना मिळाले. तो पुन्हा आला हेच माझ्या मते त्या पोराचं मोठेपण.

फकीरव्वा मात्र घरी बसली. एक मंगळवार गेला, दोन गेले, चार गेले. बाजार भरायचा, पण एखाद्या घरात रेडिओ बिघडला की कसं वाटतं तसं वाटायचं. शेवटी हुलिगेव्वा आपलं मिरचीचं पोतं शेजारणीवर सोपवून तिच्या घरी गेली. मीही बरोबर होतो, कारण हुलिगेव्वाला साक्षीदार बरोबर असला की जोर चढतो.

"काय गं, घसा बसला?"

"घसा नाही, मीच बसलेय. कुठल्या तोंडानं येऊ? माझ्या हाकेवर आता कोण विश्वास ठेवील?"

"ऐक. मागच्या मंगळवारी ती शिवगंगव्वा मिरची घ्यायला आली. मला म्हणते, ही मिरची फकीरव्वानं बघितलीय का? मी म्हटलं, ती येत नाही हल्ली. तर न घेता गेली! तव्यावरून तुझ्याशी भांडलेली बाई!" हुलिगेव्वानं हात कमरेवर ठेवले. "म्हणजे तू वाईटाला वाईट म्हणालीस, ते लोकांना कळलंय. आता तू घरात बस, आणि मी पोतंभर मिरच्या स्वतः खाते. अर्जीअण्णा, लिहून घ्या, ही बाई माझ्या मरणाला जबाबदार."

फकीरव्वाला हसू आलं. पुढच्या मंगळवारी ती आली. तिच्या हाकेत एक नवी ओळ आली होती: "मी खाल्लीय, मगच सांगतेय!" ही ओळ ती फक्त खरंच खाल्लं असेल तेव्हाच म्हणायची, आणि लोक ती ओळ येते का याची वाट बघायचे.

यानंतर मधली काही वर्षं ठीक गेली. मागच्या वर्षी नगरपंचायतीनं नवा छपराचा बाजार बांधायला घेतला आणि फतवा निघाला, की ज्यांच्याकडे ओळखपत्र असेल त्यांनाच आत धंदा करता येईल. फिरत्या विक्रेत्यांची नोंद सुरू झाली. माझ्या टेबलासमोर रांग लागली. फकीरव्वाही आली. फॉर्मवर रकाने होते: नाव, पत्ता, विकायचा माल, बसण्याची सोय. मी नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि थांबलो.

"माल काय लिहू?"

"माल कुठाय माझ्याकडं?"

"विक्रेती लिहितो."

"खिडकीतला हंचिनाळ विचारील, काय विकतेस?"

"मग दलाल?"

"शी! दलाल दोघांकडून घेतो आणि दोघांनाही खरं सांगत नाही."

"एजंट?"

"एजंट म्हटलं की लोक दार लावून घेतात."

"प्रचारक लिहू का?"

"निवडणूक आलीय, अण्णा. कुठल्या पक्षाची म्हणून विचारतील."

"जाहिरातदार?"

रांगेतून यमनप्पा कसाबसा म्हणाला, "क... कर लागेल. प... पाटीवर लागतो तसा."

"सेल्सगर्ल?" मी शेवटचं विचारलं.

"गर्ल!" फकीरव्वा पोट धरून हसली. "दोन नातवंडं आहेत मला, अण्णा."

मी रकाना कोरा ठेवला. व्हायचं तेच झालं. कारकून हंचिनाळनं फॉर्म उलटसुलट केला.

"माल?"

"नाही, साहेब."

"गाडा की टोपली?"

"काहीच नाही."

"मग बसता कुठं?"

"बसत नाही. बसून आवाज निघत नाही."

"अक्का, मी तुम्हाला ओळखतो, सकाळी तुमची हाक ऐकूनच भाजीला जातो. पण ह्या कागदाला तुम्ही दिसत नाही. मी काय करू?" हंचिनाळ वाईट माणूस नव्हता. त्यानं फॉर्म परत दिला.

फकीरव्वानं फॉर्म घेतला. कागदाची घडी करून तिनं कनवटीला लावली. "चला, तेवढा छपराखालचा गारवा माझ्या नशिबात नाही," म्हणाली आणि घरी गेली. तिला इतक्या हळू बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

नोंदणीचा शेवटचा दिवस मंगळवारच होता. सकाळी कचेरीत धावपळ चालली होती. यादीत निम्मे विक्रेतेही नव्हते. सूचना भिंतीवर चिकटवली होती, पण खेड्यांतून टोपल्या घेऊन येणाऱ्या बायांना भिंत वाचायची सवय नव्हती. नव्या मुख्याधिकारी तस्नीम मॅडम बाहेर येऊन हंचिनाळला विचारत होत्या, "बाकीचे कुठं आहेत? उद्या ही माणसं बाजाराबाहेर राहिली तर मी काय उत्तर देऊ?"

मी टेबलावरून उठलो. आयुष्यात कचेरीच्या कामात मी आपणहून तोंड घातल्याची ती पहिलीच वेळ. "मॅडम, एक बाई आहे. तिला सांगा."

फकीरव्वाला बोलावलं. तिनं आधी मॅडमना तीन प्रश्न विचारले: पैसे लागतात का, फोटो लागतो का, आधार घरी राहिलं असेल तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, पैसे नाहीत, फोटो इथंच काढू, आधार उद्या आणलं तरी चालेल. "नक्की? मी सांगितल्यावर बदलायचं नाही हं," असं फकीरव्वानं बजावलं आणि मग ती बाजारात शिरली.

"टोपलीवाल्या, गाडावाल्या, पोत्यावर बसलेल्या! आज नाव नोंदलं नाही तर नव्या छपराखाली जागा नाही! पैसा लागत नाही, फोटो तिथंच! एकीनं जा, दुसरीनं टोपली सांभाळा! मी विचारून आलेय, मगच सांगतेय!"

अर्ध्या तासात कचेरीसमोरची रांग माझ्या टेबलाला वळसा घालून रस्त्यावर गेली. लसूणवाल्या, चिंचवाल्या, चुरमुरे विकणारा मंडक्कीवाला, खालच्या आळीतल्या चाळण्या विकणाऱ्या बाया, ज्यांना कुणीच मोजत नसे. माझं पेन दोनदा संपलं. दुपारी तीनला रांग ओसरली तेव्हा मॅडमनी विचारलं, "आणि ह्यांचं स्वतःचं कार्ड?"

हंचिनाळनं मान खाली घातली. "मॅडम, मालाचा रकाना रिकामा आहे. ह्या काही विकत नाहीत."

रांगेत शेवटी उभी असलेली हुलिगेव्वा फिस्कन हसली. "विकत नाही? आम्ही मिरची विकतो, ती हाक विकते. लिहा की तसंच. हाक."

मॅडमनी हंचिनाळकडे बघितलं. हंचिनाळनं माझ्याकडे. मी पेन उघडलं. विकायचा माल: हाक. बसण्याची सोय: लागत नाही. मॅडमनी सही केली.

तीन महिन्यांनी नवा बाजार सुरू झाला आणि विक्रेत्यांची समिती निवडायची वेळ आली, तेव्हा बायांनी एकमतानं फकीरव्वाचं नाव दिलं. संगप्पा शेट्टर पहिल्या बैठकीला म्हणाला, "आता इथंही ओरडणार काय?" ती म्हणाली, "नाही शेट्टर, इथं हळू बोलते. तुम्ही कान द्या म्हणजे झालं."

त्या बैठकीत तिनं एकच मागणी मांडली, बायकांसाठी संडास. पहाटे चारला खेड्यातून निघालेल्या बाया संध्याकाळपर्यंत बाजारात असतात आणि घशाला कोरड पडली तरी पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण नंतर जायचं कुठं? पुरुष सभासद आढ्याकडे बघायला लागले. तस्नीम मॅडम मात्र टेबलावर पुढं वाकल्या. पुढं जागेवरून वाद झाला, पाण्याच्या जोडणीवरून झाला, दोन बैठका नुसत्या चहावर संपल्या. फकीरव्वानं प्रत्येक बैठकीला तेच मागितलं, तितक्याच हळू. माझ्याकडून तिनं पाच अर्ज लिहून घेतले.

गेल्या श्रावणात ते बांधकाम पुरं झालं. चार खोल्या, नळाला पाणी, दाराला आतून कडी. फकीरव्वानं आधी आत जाऊन नळ सोडून बघितला, चारही कड्या लावून बघितल्या. मग बाहेर आली आणि पदर खोचला.

"अक्का, अव्वा, तंगी, थोरल्या-धाकट्या सगळ्या! बाजाराच्या मागं, चिंचेच्या बाजूला! पाणी आहे, कडी आहे, आरसाही आहे! मी बघून आलेय, मगच सांगतेय!"

बाया एकमेकींकडे बघून लाजत हसल्या. आधी कुणी उठेना. मग हुलिगेव्वानं मिरचीच्या पोत्यामागून आपला तांब्या काढला, सगळ्यांदेखत वर धरून गटागट रिकामा केला आणि शेजारणीला म्हणाली, "जरा टोपलीकडं बघ गं."

त्या दिवशी चहावाल्याकडचा पाण्याचा माठ दोनदा भरावा लागला.